जुन्या बाजारातली काच: आधी धुवा, मग चिकटवा, रंगाचं नंतर बघू

भाड्याचं वन-बीएचके, भिंतीला खिळा मारायला घरमालकाची मनाई, हातात हजार-दीड हजार रुपये आणि जुन्या बाजारातून आणलेली पिशवीभर काच: बशा, पायाचे ग्लास, दोन बाटल्या, एक बरणी. व्हिडिओ बघून तुम्ही बशीखाली ग्लास चिकटवून केक स्टँड केलात, तो पंधरा दिवसांत सुटला. बाटलीला ॲक्रेलिक रंग दिलात, तो पहिल्याच धुण्यात सालीसारखा निघाला. काय चुकलं आणि उरलेल्या काचेचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

रंग आणि गोंद दोन्ही एकाच कारणाने गेले असावेत. काच तुम्हाला स्वच्छ दिसत होती, पण ती तेलकट होती.

मी गेली १९ वर्षं भंगारातल्या काचेच्या वस्तू करून दिवाळीच्या प्रदर्शनांत विकते. माझा पहिला स्टँड संक्रांतीच्या हळदीकुंकवात, तिळगुळासकट, एका बाईंच्या पैठणीवर गेला. झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूने जोडलेला होता. तो गोंद लावल्या लावल्या इतका घट्ट बसतो की आपल्याला वाटतं काम झालं. पण सुकल्यावर त्याचा थर काचेसारखाच कडक आणि ठिसूळ होतो, ओल लागली की काचेवरची पकड सोडतो, वर कडेने पांढरी धुरकट छटा येते ती वेगळीच. काचेच्या वजनदार जोडाला सुपरग्लू वापरू नका, एवढं या उत्तरातलं लक्षात राहिलं तरी पुरे.

आता सुरुवातीपासून. खरेदीपासूनच, कारण निम्मं काम तिथेच होतं.

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, आणि हे दोन्ही जवळ नसेल तर गल्लीतला भंगारवाला. भंगारवाल्याकडे बाटल्या स्वस्त पडतात. फक्त तो वजनात देणार की नगावर, हे आधी ठरवून घ्या. मी साध्या ग्लासाला १०-२० रुपये, पायाच्या ग्लासाला ४०-५० आणि चांगल्या कट ग्लासच्या बशीला शंभरच्या आत एवढंच देते. त्याहून जास्त मागितलं की पुढच्या गाळ्यावर. वस्तू हातात घेतली की कडेवरून नख फिरवा. डोळ्यांना न दिसणारा टवका नखाला लागतो. मग तळहातावर ठेवून बोटाने टिचकी मारा. धड काच थोडी तरी वाजते, तडा गेलेली बद्द आवाज करते. तळ उन्हाकडे धरून बघा, कारण केसासारखी चीर बहुतेकदा तळाच्या कोपऱ्यात लपते.

धुरकट दिसणारी काच विक्रेता स्वस्तात देतो आणि ‘ताई, धुतली की चकचकीत होईल’ म्हणतो. त्याचं म्हणणं निम्मं खरं. तो धुरकटपणा बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा असेल तर जातो. वर्षानुवर्षं कडक पावडरीने नाहीतर डिशवॉशरमध्ये काचेचा पृष्ठभागच झिजला असेल तर कशानेही जात नाही. फसवाफसवी अशी, की ओली केल्यावर दोन्ही काचा स्वच्छ दिसतात. म्हणून विक्रेत्याने ओल्या फडक्याने पुसून दाखवली तर भुलू नका, वाळेपर्यंत हातात धरून उभ्या राहा. मी पर्समध्ये व्हिनेगरची छोटी बाटली ठेवते आणि कोपऱ्यावर थेंब चोळून बघते. क्षार असेल तर तेवढा ठिपका उजळतो.

घरी आणल्यावर धुण्याचं काम. क्षारासाठी कोमट पाण्यात व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व टाकून रात्रभर ठेवा. चिंचोळ्या मानेच्या बाटलीत ब्रश जात नाही. तिच्यात मूठभर कच्चे तांदूळ, थोडं साबणाचं पाणी घालून दोन मिनिटं खळखळ हलवा. तांदूळ आतली भिंत घासून काढतात आणि काचेला ओरखडा उठत नाही. (वाळू घालू नका, ती ओरखडते.) लेबलाचा चिकटा साबणाने जात नाही, त्याला गोडंतेल आणि खायचा सोडा एकत्र करून लावा, अर्धा तास ठेवा, मग घासा. इथेच सगळे फसतात. चिकटा गेला, पण तेल राहिलं! त्यानंतर भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा आणि ही परीक्षा करा: काच नळाखाली धरा आणि बाजूला घ्या. पाणी एकसंध पातळ पडद्यासारखं पसरून उतरलं तर काच खरोखर स्वच्छ. पाण्याचे मोती झाले, इकडेतिकडे गोळा झाले, तर अजून तेल आहे, परत धुवा.

चिकटवायच्या किंवा रंगवायच्या आधी शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा (तेलकटपणा काढणारं स्पिरिट). सुती फडक्याने पुसा आणि मग त्या जागेला बोट लावू नका. हातावरचं सॅनिटायझर वापरून बघितलंय, असं कोणी ना कोणी मला दर कार्यशाळेत सांगतं. त्यात ग्लिसरीन असतं, ते काचेवर पातळ थर सोडतं आणि आपली सगळी मेहनत पाण्यात.

आता तुमचा सुटलेला स्टँड परत करू. आमच्याकडे त्यावर केकपेक्षा करंज्या-चकल्या जास्त चढतात, म्हणून मी त्याला फराळाचा स्टँडच म्हणते.

गोंद दोनच घ्या. पारदर्शक सिलिकॉन (हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच, व्हिनेगरसारखा वास येणारा, माशांच्या टाक्या अशाच सिलिकॉनने जोडतात) आणि दोन ट्यूबांचा अरल्डाइट. कुठे कुठला, हे जोडाच्या आकारावर ठरतं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतो. ग्लास उपडा करून त्याची तोंडाची कड बशीला लावायची असेल तर जोड म्हणजे एक बारीक गोल रेषा. तिला बाहेरून हवा मिळते, सिलिकॉन दिवसभरात सुकतो आणि रबरासारखा लवचिक राहिल्याने धक्काही सोसतो. पण ग्लासाचा सपाट तळ बशीला लावायचा असेल तर जोड म्हणजे रुपयाच्या नाण्याहून मोठी चकती. तिच्या मधल्या सिलिकॉनला हवा मिळतच नाही. कडेने सुकलेला दिसतो आणि आत आठवडाभर मलमासारखा मऊ असतो. तिथे अरल्डाइट, कारण त्याला हवा लागत नाही, दोन ट्यूबांतली द्रव्यंच एकमेकांना घट्ट करतात. दोन्ही सारख्या मापाने घ्या, आइस्क्रीमच्या काडीने मिनिटभर हळूहळू मिसळा (जोरात फेटलं तर बुडबुडे येतात आणि पारदर्शक काचेत ते कायम दिसत राहतात), पातळ थर लावा. बाहेर आलेला ओघळ सुकायच्या आधीच अल्कोहोलच्या फडक्याने टिपा. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार घेतलात तरी वजन मात्र २४ तासांनीच ठेवा. अरल्डाइट उन्हात हळूहळू पिवळा पडतो, तेव्हा तो स्टँड खिडकीत नको.

मध्य साधायला सोपी युक्ती. कागदावर कंपासने एकाच केंद्राची पाच-सहा वर्तुळं काढा. बशी उपडी करून वर्तुळांवर ठेवा. काचेतून ती खाली दिसतात. बशीची कड एका वर्तुळाला समांतर आली की हलवू नका, आणि मग पायाचा ग्लास आतल्या छोट्या वर्तुळावर बसवा. डोळ्यांच्या अंदाजाने लावलेला पाय नेहमी अर्धा सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि ते फक्त लाडू ठेवल्यावर कळतं. पाया बशीच्या निम्म्याहून अरुंद नसावा, हा माझा ठोकताळा. असा स्टँड गरम पाण्यात भिजत टाकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

आता रंग. मी सरळ बोलते: काचेला बाहेरून रंग देणं मला फारसं पटत नाही. पैसे देऊन पारदर्शक वस्तू आणायची आणि तिचा मातीचा मडका करायचा, तर मडकाच आणावा, कुंभाराला चार पैसे मिळतील. तरी द्यायचाच असेल तर काचेसाठीचे म्हणून मिळणारे रंग घ्या, साधे ॲक्रेलिक नकोत. काचेला छिद्रं नसतात, साधा रंग तिच्यावर नुसता सायीसारखा बसतो. काही रंग ओव्हनमध्ये पक्के करायचे असतात. तापमान बाटलीवर लिहिलेलं असतं. वस्तू थंड ओव्हनमध्येच ठेवून मग तो सुरू करायचा आणि बंद केल्यावर आतच गार होऊ द्यायची. मायक्रोवेव्ह त्यासाठी चालत नाही.

दुधी काचेसारखी बाटली हवी असेल तर रंग आतून द्या. पांढरा किंवा फिकट रंग थोडा पातळ करून बाटलीत ओता, बाटली आडवी धरून सावकाश फिरवा, सगळीकडे पोचला की दोन आइस्क्रीमच्या काड्यांवर उपडी ठेवा म्हणजे खालून हवा जाईल आणि जास्तीचा रंग निथळेल. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा. बाहेरचा पृष्ठभाग काचेचाच राहतो, त्याची चमक जात नाही, धूळ पुसता येते. एकच अट, आत पाणी घालायचं नाही, रंग सुटतो. वाळलेली फुलंच ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेताच्या बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे असतात, ते आणा आणि उलटे टांगून वाळवा. बाजरीचं एखादं कणीस त्यात सुंदर दिसतं. गुलदस्त्याच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पंपास गवतापेक्षा फुकट आणि कितीतरी खरं.

तुमच्याकडे पायाचे दोन ग्लास आहेत असं लिहिलंय. एक उपडा करा. झाली काचेची घुमटी! खाली लाकडाची चकती, आत पितळेचा छोटा गणपती किंवा समुद्रावरून आणलेले शिंपले, आणि वर आलेल्या सपाट पायावर एक बॅटरीची पणती. याला गोंदसुद्धा लागत नाही, म्हणून कंटाळा आला की परत ग्लास होतो. वरच्या पायावर खरी पणती मात्र लावू नका, ती नाजूक काच आगीसाठी नाही.

आगीवरून सांगते. साधी काच हळूहळू तापलेली चालते, एकाच जागी अचानक तापली की तडकते. मेणबत्ती ग्लासात लावली तर ती शेवटाला आल्यावर ज्योत तळाशी टेकते, आणि नेमकी तेव्हा काच जाते. बोटभर मेण उरलं की विझवायची. त्यापेक्षा आपल्याकडचा पाण्यावरचा दिवा मला जास्त आवडतो. रुंद तोंडाचा जाड ग्लास, दोन तृतीयांश पाणी, तळाला चार गोट्या किंवा झेंडूच्या पाकळ्या, पाण्यावर अर्ध्या बोटाचा तेलाचा थर आणि त्यावर तरंगती वात. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकून दिवा आपोआप शांत होतो, आणि खालच्या पाण्यामुळे ग्लास तापत नाही. तरी घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा.

खऱ्या ज्योतीसाठी भंगारात शोधायची गोष्ट म्हणजे कंदिलाची काच. ती तापण्यासाठीच केलेली असते आणि दोन्ही बाजूंनी उघडी असल्याने हवा खेळते. बशीत पणती, भोवती कंदिलाची काच, वारा लागत नाही. या काचांचा आपल्याकडचा इतिहास छान आहे. लोकांकडून एकेक पैसा वर्गणी गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला निघाला, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीतल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी घराघरात होता. जुन्या बाजारात अजून एखाद्या कंदिलावर ते नाव वाचायला मिळतं. मिळाला तर घासून-रंगवून ‘अँटिक’ करू नका, आहे तसा ठेवा.

आता बरणी. तिच्यासाठी माझ्याकडे जी कल्पना आहे ती जवळजवळ फुकट आहे, पण घरातल्या मोठ्या माणसांची परवानगी घ्या. बांगड्यांचे तुकडे. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि फुटकी काच घरात ठेवत नाहीत. माझ्या आत्याने मी पहिली बरणी केली तेव्हा आठवडाभर तिच्याकडे पाहिलं नव्हतं. नंतर स्वतःच्या हिरव्या चुड्यातल्या चार वाढलेल्या बांगड्या तिनेच कागदात गुंडाळून आणून दिल्या. ‘या तिथं वरच्या बाजूला लाव’ एवढंच म्हणाली.

कासाराकडे मागितलं तर तो तुटक्या बांगड्यांची पुडी हसत देतो. तुकडे लहान करायला ते जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीच्या आतच पकडीने मोडा. डोळ्यांवर गॉगल हवाच. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे पुरतात. बरणी आडवी करून टॉवेलच्या घडीवर ठेवा, एकेका तुकड्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा ठिपका लावून बसवा. बांगडीचा बाक बरणीच्या बाकाशी जवळजवळ जुळतो, म्हणून तुकडे आडवे लावले की नीट टेकतात, उभे लावले की फक्त दोन टोकं टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. एका वेळी बरणीची एकच बाजू. ती सुकली की फिरवा, नाहीतर सगळं ओघळत खाली येतं. दुसऱ्या दिवशी फटींत पांढऱ्या सिमेंटची दाटसर पेस्ट भरा, अर्ध्या तासाने ओलसर स्पंजने वरची साफ करा. सिमेंट टोकदार कडा झाकतं, पण हात फिरवून बघा, कुठे बोचत असेल तर तिथे अजून थोडं भरा. आत बॅटरीच्या बारीक दिव्यांची माळ सोडा. हिरवा, लाल आणि मधूनच सोनेरी असा कवडसा पडतो, भिंतीला खिळा न मारता भिंत सजते.

बाटल्यांत मनीप्लँट लावणार असाल तर गडद तपकिरी किंवा हिरव्या घ्या, त्यांत शेवाळ कमी धरतं. डोक्यावरच्या कपाटातला रमचा खंबा बैठकीत आला म्हणून सासूबाई काही बोलल्या तर लेबल काढलेली बाटली औषधाचीच दिसते, माझा अनुभव आहे. पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि नुसतं वरून पाणी ओतल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत, आतून घासायला हवं. गोल पोटाचं पाणी भरलेलं भांडं थेट उन्हात ठेवू नका, ते भिंगासारखं ऊन एकवटतं. माझ्या पडद्याला तशी तपकिरी जखम आहे.

बाटली कापण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा व्हिडिओ तोच येणार. सुतळी नेलपेंट रिमूव्हरमध्ये भिजवून पेटवायची आणि बाटली गार पाण्यात बुडवायची, हा प्रकार करू नका. आच सगळीकडे सारखी लागत नाही, चीर वाटेल तशी पळते, आणि शेजारी ज्वालाग्राही द्रवाची उघडी बाटली असते. कापायचंच झालं तर चाकाचं बाटली-कटर घेऊन एकच सलग रेघ ओढा, रेघेवर आलटून पालटून गरम आणि गार पाणी सोडा, आणि कड वॉटरपेपरने (पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने) कायम ओली ठेवून घासा. कोरडी घासली तर काचेची धूळ छातीत जाते. पांढऱ्या दुधी काचेच्या डिनर सेटच्या ताटल्या आणि कडक केलेले ग्लास कापायला किंवा ड्रिल करायला जाऊ नका, त्यांचे क्षणात तुकडे होतात.

एक खबरदारी राहिली. जुन्या बाजारातला फार जड आणि टिचकी मारल्यावर लांब घुमणारा कट ग्लास शिशाचा क्रिस्टल असू शकतो. जुन्या ग्लासांवरच्या रंगीत चित्रांतही शिसं असू शकतं. शोभेला उत्तम, पण त्यात सरबत, लोणचं काही ठेवू नका आणि ती चित्रं खरवडू नका.

तुमच्या पिशवीत नेमक्या कुठल्या बशा आहेत त्याचा एक फोटो काढा, खिडकीत उन्हाकडे धरून. दोन सारख्या असतील तर लहान ग्लास मध्ये घालून दोन मजली फराळाचा स्टँड होईल, आणि दिवाळीला अजून वेळ आहे.